अनिश्चित भाषिक मते : समूहनिर्णयातील हाताळणी

समूहनिर्णयात तज्ज्ञांची मते बहुधा शब्दांत येतात आणि तीही ठाम नसतात. लोटफी झादे यांच्या, अंशतः सदस्यत्व मानणाऱ्या फझी संचांवर (१९६५) आधारलेल्या पद्धतीत ही अनिश्चितता हिशेबात धरली जाते. समजा, वडनेर भोलजीच्या (ता. नांदुरा, जि. बुलढाणा) शिवारातील कपाशी तिघांनी पाहिली. श्रेणी : ‘अगदी वाईट’ ०, ‘वाईट’ १, ‘मध्यम’ २, ‘बरी’ ३, ‘उत्तम’ ४. मते ‘बरी’, ‘मध्यम ते बरी’, ‘वाईट ते मध्यम’ अशी आली, तर सरासरी २ ते २.६७ हा पट्टा मिळतो. तो जपायलाच हवा. घाईने एकच आकडा काढला की शंका गडप होते. पीक-उत्पन्नाच्या सरकारी अंदाजात, म्हणजे पैसेवारीत, ५० पैशांच्या रेषेवर दुष्काळी सवलती अडू शकतात, तेव्हा अशी घाई शेतकऱ्याला फार महागात पडते. दोनतीन शब्दांत घुटमळणाऱ्या मतांसाठी रॉड्रिग्ज, मार्टिनेझ व हेरेरा यांनी २०१२ मध्ये वेगळे संच मांडले.