कामाचे अंतर आणि पायी चालणारे नगर

नगरांतील वाहनगर्दीचा विचार बहुधा रस्त्याच्या रुंदीपासून सुरू होतो. वस्तुतः माणसास घरापासून कामापर्यंत किती दूर जावे लागते, हा प्रश्न त्याच्या आधीचा होय.

१९६२ च्या चीनयुद्धानंतर संरक्षण-उत्पादनाचा जो विस्तार झाला, त्यात भंडाऱ्यानजीक स्फोटकांचा कारखाना व त्यास जोडून जवाहरनगर ही वसाहत उभी राहिली. येथे काम आधी ठरले, वस्ती मागून आली. स्फोटके आणि घरे यांत पुरेसे अंतर राखणे भागच होते. २४ जानेवारी २०२५ रोजी येथील स्फोटात आठ कामगार मृत्यू पावले, यावरून ती खबरदारी केवळ कागदी नव्हे हे उमगते. तथापि रोजच्या येण्याजाण्याची लांबी वसाहतीच्या आखणीनेच मर्यादित केली.

त्याच काळात पुण्यास नेमके उलट घडत होते. जुन्या पेठांत धंदा आणि घर शेजारीशेजारी असत. कसब्यातील तांबट आळीचे नावच त्याची साक्ष देते. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या व अनेक कुटुंबे गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत गेली. पुढल्याच वर्षी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि चिंचवड-भोसरीचा माळ कारखान्यांनी भरू लागला. घरे एकीकडे पांगली, कामे दुसरीकडे. प्रथम सायकलीने हे अंतर कसेबसे सांधले. मग आकुर्डीस तयार होणारी स्कूटर आली. पायी कामावर जाणे ज्या उद्योगविस्ताराने अशक्य केले, त्यानेच त्यावरील वाहनही पुरवावे, हा योगायोग मौजेचा खरा.

महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले आणि ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांस बंद ठेवला. उपक्रम स्तुत्य होता. परंतु त्याने खरेदीची वाट मोकळी झाली, हिंजवडीस वा पिंपरीस कामावर जाणाऱ्याचे अंतर होते तेवढेच राहिले. या दृष्टीने २९ सप्टेंबर २०२४ ही तारीख अधिक महत्त्वाची ठरते. त्या दिवशी पिंपरी-स्वारगेट मेट्रोमार्ग पूर्ण झाला, आणि त्यावर एक स्थानक कसबा पेठेच्या खाली आहे.