किल्ला कोर्टाच्या दारातली झोंबाझोंबी

वकिलांच्या नीतिमत्तेचा विषय निघाला की आपल्याला पढवलेले साक्षीदार आठवतात. मला मात्र मुंबईच्या किल्ला कोर्टाच्या दारातलं एक जुनं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९६०च्या दशकात तिथले काही वकील दारातच उभे राहत. अशील दिसला की त्याच्यावर तुटून पडत, केससाठी एकमेकांना धक्काबुक्की करत, फी पाडून सांगत. तक्रार झाली. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने त्यांना तीन वर्षं वकिली करायला बंदी केली. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिस्तपालन समितीने मात्र त्यांना सोडून दिलं. तिचं म्हणणं असं : काम मागितलं, ते विशिष्ट माणसाकडे मागितलं आणि विशिष्ट केससाठी मागितलं, हे तिन्ही सिद्ध झालं तरच गैरवर्तन!

महाराष्ट्राची कौन्सिल सुप्रीम कोर्टात गेली. तिथे आधी वेगळाच प्रश्न उभा राहिला. अपील फक्त ‘व्यथित व्यक्ती’ला करता येतं, मग यात कौन्सिलचं काय बिघडलं? १९७५मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की, वकिलांच्या वर्तनावर लोकांच्या वतीने नजर ठेवणं हेच कौन्सिलचं काम आहे, त्यामुळे तिला अपील करता येईल. पुढे न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलेल्या निकालात त्या तीन अटी फेटाळल्या गेल्या. वकिली हा व्यापार नाही, तेव्हा अशिलांची अशी ओढाओढ हे गैरवर्तनच, असं कोर्टाने ठरवलं.

मला त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर जास्त मोलाचं वाटतं. मुलगा लॉकअपमध्ये आहे आणि बाप आयुष्यात पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढतोय, अशी कल्पना करा. जो आधी बाही धरेल, तो त्याचा वकील. हा बाप तक्रार कशी करणार? आपली निवड दुसऱ्यानेच केली, हे त्याच्या लक्षातही येणार नाही. म्हणून त्याच्या वतीने बोलणारं कुणीतरी लागतं.

काम मागायला आणि जाहिरात करायला वकिलांना आजही मनाई आहे. २००८पासून वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहिती देता येते. मला हा बदल योग्य वाटतो, कारण माहिती मिळाली तरच माणूस निवड करू शकतो. पण ‘जामिनाची गॅरंटी’ देणारं रील म्हणजे पुन्हा तीच धरलेली बाही. फरक इतकाच की, आता कोर्टाचं दार आपल्या खिशात आहे.