लोदच्या बाजारात

इ.स. 100 च्या आसपासचं साल आहे आणि तुम्ही लोदच्या बाजारात उभे आहात. याफाच्या बंदराहून जेरुसलेमकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव. जेरुसलेमचं मंदिर रोमनांनी 70 साली जाळलं. आता ज्यू धर्म जपला जातो तो रब्बींच्या, म्हणजे धर्मशास्त्र जाणणाऱ्या गुरूंच्या बैठकीत, आणि तिथं प्रार्थनेइतक्याच गांभीर्यानं तेलाच्या मापावरही खल होतो.

तेलाच्या दुकानापाशी थांबा, पण भाव विचारू नका. तुमच्या कनवटीला इथलं नाणं नाही, आणि घ्यायचं नसताना भाव विचारणं इथं निषिद्ध आहे. दुकानदाराला उगाच आशा लावायची नाही. सचोटीचं ओझं गिऱ्हाईकावरही टाकणारा हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

आता दुकानदाराचे हात बघा. मापाच्या तळाशी साचलेला चिकट थर तो खरवडून काढतोय. थर साचला की माप तेवढंच लहान होतं, आणि मग मनात खोट नसली तरी मापात पाप येतं. म्हणून किरकोळ दुकानदारानं मापं आठवड्यातून दोनदा धुवायची, वजनं एकदा पुसायची आणि तराजू तर प्रत्येक तोलानंतर स्वच्छ करायचा. तोलताना मालाचं पारडं चार बोटं खाली झुकू द्यायचं. वजनं दगडाची किंवा काचेची हवीत, धातूची चालत नाहीत. ती मिठात पुरून ठेवायलाही मनाई आहे, कारण त्यानं वजनात फरक पडतो. दांडी मारण्याची एकेक युक्ती या रब्बींना ठाऊक आहे, आणि एकेक त्यांनी नाव घेऊन बंद केली आहे.

पलीकडे एक बाई कापड घेतेय. एका सेल्याला सौदा ठरला. सेला हे नाणं, म्हणजे 24 माआ. रब्बींच्या निर्णयानुसार त्यात 4 माआ, म्हणजे सहावा हिस्सा, जादा लावला असेल तर ती फसवणूक. बाई कापड घेऊन एखाद्या जाणत्या व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला दाखवायला निघाली. तेवढ्या वेळात ती परत आली, तर सगळे पैसे मागायचे की फक्त जादा घेतलेले, हे तिनं ठरवायचं.

एवढ्यात बाजारात आनंदाची लाट उसळते. गावातले मोठे विद्वान रब्बी तार्फोन यांनी निर्णय दिलाय, की फसवणूक धरायची ती 8 माआंपासून, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापासून! व्यापाऱ्यांना आभाळ ठेंगणं झालंय. नफ्याची मुभा एका दमात दुप्पट झाली. पण तार्फोन पुढंही काही सांगतात. गिऱ्हाईकाला माल परत करायला सबंध दिवस मिळेल.

चेहरे कसे उतरले बघा. दिवसभर बाई चार दुकानं फिरणार, दहा जणांना विचारणार आणि सूर्य मावळता मावळता कापड परत आणणार. तोवर गल्ल्यातला पैसा आपला म्हणायचा कसा? थोड्याच वेळात व्यापारी तार्फोनांपुढं उभे आहेत. आमचं पहिलं होतं तेच बरं, असं त्यांचं म्हणणं.

इथं जरा रेंगाळा, कारण भावातली खोट कशावर जगते ते या विनवणीत उघड झालंय. ती जगते गिऱ्हाईकाच्या घाईवर आणि अज्ञानावर. चौकशीला पुरेसा वेळ मिळाला तर तिसरा हिस्सा लाटण्याची मुभासुद्धा कुचकामी ठरते, हे लोदच्या व्यापाऱ्यांनी चटकन ओळखलं. नफ्यावरची मर्यादा जितकी गरजेची, तितकाच गिऱ्हाईकाच्या हातातला वेळ गरजेचा, असं माझं ठाम मत आहे.

व्यापारी सहाव्या हिश्श्याच्या जुन्या नियमाकडे परतले. पुढं इ.स. 200 च्या सुमारास रब्बी यहूदा हनासी यांनी मिश्ना, म्हणजे रब्बींच्या निर्णयांचा ग्रंथ, संकलित केली, तेव्हा तार्फोनांच्या निर्णयाबरोबर व्यापाऱ्यांची ही माघारही तिच्यात नोंदवली गेली. ज्यू धर्मशास्त्रात मर्यादा आजही सहाव्या हिश्श्याचीच आहे.