सतरा नावं, तीन राज्यं आणि एक पेन्शनबुक

रायपूरहून बोलतोय. मागे आपण नागपूरकर भोसल्यांच्या छत्तीसगडातल्या कारभाराबद्दल बोललो होतो. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला आले, हे तुम्हाला आठवत असेल. आजचा विषय त्याच मातीतला, पण वेगळा आहे. शिपाई मेला, जायबंदी झाला किंवा म्हातारा होऊन घरी आला, तर त्याच्या घराचं काय? सरकार त्याचं काय देणं लागतं?

सुरुवात रायपूरपासूनच करतो. १८ जानेवारी १८५८ च्या रात्री इथल्या तिसऱ्या पलटणीतल्या हनुमानसिंहानं सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं. तो स्वतः कधीच सापडला नाही. त्याचे सतरा साथीदार मात्र पकडले गेले आणि चारच दिवसांनी, २२ जानेवारीला, फासावर गेले. गाझी खान, शिवनारायण, पन्नालाल, मातादीन, अब्दुल हयात... ही नावं इथं आजही घेतली जातात. माझ्या डोक्यात मात्र दुसराच प्रश्न येतो. या सतरा जणांच्या बायकामुलांनी पुढचा महिना कसा काढला? बंडात सामील झालेल्याचा पगार आणि पेन्शनचा हक्क दोन्ही जप्त, असा कंपनीचा शिरस्ता. शिपायाचं नाव इतिहासात राहिलं, घर मात्र कुठल्याच कागदावर उरलं नाही.

आता याच्या दोनशे वर्षं मागे जाऊ. सभासदाच्या बखरीत प्रतापगडच्या लढाईनंतरचा, म्हणजे १६५९ चा एक तपशील आहे. तो मला अफझलखानाच्या वधाइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण शाळेत तो कुणी सांगत नाही. लढाईत जे पडले त्यांच्या मुलांना महाराजांनी चाकरीत घेतलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन लावून दिलं. जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. बखर पुष्कळ नंतरची, १६९७ च्या सुमारासची, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे असतील. पण जखमेच्या प्रमाणात पैसे आणि विधवेला निम्मा पगार ही कल्पना तेव्हा लिहिणाऱ्यालाही स्वाभाविक वाटत होती, हे महत्त्वाचं. पुढे मराठी दप्तरांत याला शब्दच पडला, 'बालपरवेशी'. म्हणजे कामी आलेल्याच्या पोराबाळांच्या पोटापाण्याची सोय.

ही सोय धन्याच्या मर्जीची होती, हेही खरं. धनी गेला, राज्य गेलं, की सोय गेली. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं तेव्हा भोसल्यांच्या जुन्या फौजेतल्या माणसांना नवा धनी शोधणं भाग होतं.

कंपनीचं गणित निराळं. गावात दर महिन्याला पेन्शन घेणारा म्हातारा शिपाई हीच भरतीची जाहिरात. तरी त्यातही पंक्तिभेद होता. मीर जाफरनं क्लाइव्हच्या नावे ठेवलेल्या पाच लाख रुपयांतून १७७० मध्ये जो निधी उभा राहिला, तो कंपनीच्या गोऱ्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी. पैसा बंगालच्या नवाबाचा, आणि बंगालचा शिपाई बाहेर!

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, इंडियन सोल्जर्स बोर्ड निघालं. आजच्या केंद्रीय सैनिक बोर्डाचं आणि जिल्हा सैनिक कार्यालयांचं मूळ तिथं आहे. पण खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. सुमारे २५ लाख माणसं भरती केली आणि युद्ध संपताच बहुतेकांना घरी पाठवलं. जवानाच्या पेन्शनला साधारण पंधरा वर्षांची नोकरी लागते. यांची झाली होती चार-पाच वर्षं. म्हणजे लढाई पूर्ण, पेन्शन शून्य. अनेक राज्यं या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना सैनिक बोर्डामार्फत दरमहा मदत देतात, ती यामुळेच. ती लष्करी पेन्शन नव्हे, राज्याचं अनुदान.

इथं रायपूरची खास अडचण येते. १९४२ मध्ये इथून भरती झालेल्या माणसाच्या कागदावर प्रांत असतो मध्यप्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. १९५६ नंतर त्याचं दप्तर भोपाळचं झालं. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं, तेव्हा राजधानी आली रायपूरला. माणूस घर सोडून कुठे गेला नाही. राज्यच बदलत गेलं. आणि अनुदान राज्याचं, म्हणून पहिला प्रश्न हाच की तुम्ही कुठल्या राज्याचे?

पेन्शन ही कृपा नसून हक्क आहे, हे स्वच्छ शब्दांत यायला १७ डिसेंबर १९८२ उजाडला. नकारा खटला. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित नियम नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयानं ती तारखेची भिंत पाडली. अर्जदारांत एक निवृत्त लष्करी माणूसही होता. 'वन रँक वन पेन्शन'ची मागणी त्याच जातीची. तिचा आदेश ७ नोव्हेंबर २०१५ ला निघाला, तो १ जुलै २०१४ पासून लागू झाला. २००३ मध्ये माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना आली. बाकी योजनांची यादी वाचत बसत नाही.

कारण हक्क मिळाला तरी कागद लागतोच. आमच्या परिचयातल्या एका काकूंचंच पाहा. लग्न विदर्भातलं, संसार रायपुरात, यजमान हवालदार होऊन निवृत्त. ते गेल्यावर कुटुंब पेन्शनचा अर्ज अडला, कारण पलटणीच्या नोंदीत काकूंचं नाव माहेरचं होतं आणि आधारकार्डावर सासरचं. लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली हौस! तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं ते नाव कुठल्या रेकॉर्ड ऑफिसला कळणार? ज्या घरात असं असेल त्यांनी एवढं करावं. नोंदी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, महार रेजिमेंटच्या सागरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सच्या कामठीला. यजमान हयात असतानाच पत्नीचं नाव आणि मुलांच्या जन्मतारखा तिथं जुळवून घ्या. दुसऱ्या राज्यात राहायला गेला असाल तर जिल्हा सैनिक कार्यालयातली नोंदही तिकडे हलवा.

काकूंनी दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र केलं, लग्नाची पत्रिका जोडली, डिस्चार्ज बुकाची प्रत पाठवली. अकरा महिन्यांनी पेन्शन सुरू झालं. पुढच्या भागात सागर आणि कामठीच्या छावण्यांबद्दल बोलू.