कॅप्टन जेकब आणि न दिसलेला ग्रह

हिवाळ्यातील रात्री वसईच्या एव्हरशाईन सिटीतील एखाद्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले, तर रस्त्यांवरील दिव्यांचा झगमगाट असूनही व्याधाचा तारा सहज ओळखू येतो. ह्या व्याधाला एक सोबती आहे. साध्या डोळ्यांस तो कधीच दिसत नाही. परंतु दुर्बिणीतून त्याचे दर्शन होण्याच्या अठरा वर्षे आधी, १८४४ साली, बेसेल ह्या जर्मन ज्योतिर्विदांनी तो असला पाहिजे असे सांगून टाकले होते. व्याध आकाशात सरळ न सरकता किंचित नागमोडी वाटेने जातो, एवढाच त्यांचा पुरावा. काळोखात हाती कंदील घेऊन चाललेला शेतकरी दुसऱ्या हाताने एखादे द्वाड वासरू ओढीत असेल, तर दूरच्या माणसास वासरू दिसत नाही. पण कंदिलाचे हेलकावे पाहून त्याला काय समजावयाचे ते समजते. पुढे दोनच वर्षांनी, युरेनसच्या गतीतील चुकीवरून गणित मांडून नेपच्यून सापडला, तेव्हा तर ह्या विद्येचा दरारा फारच वाढला.

हा दरारा चढता असताना पुण्यात एक इंग्रज इंजिनियर रात्री जागून जोडतारे मोजीत होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. विल्यम स्टीफन जेकब ह्यांचा जन्म १८१३ चा. १८३१ साली कंपनी सरकारच्या नोकरीत ते मुंबईस आले, जमिनीच्या मोजणीचे काम त्यांनी केले, आणि १८४२ साली पुण्यात स्वतःच्या खर्चाने एक वेधशाळा थाटली. दुर्बीण डॉलंडच्या कारखान्याची, लांबीला पाच फूट. आजच्या मानाने ती लहानच म्हणावयाची. पण तिच्या बळावर त्यांनी २४४ जोडताऱ्यांची यादी तयार करून १८४८ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीकडे सादर केली. त्याच वर्षाअखेर मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

भुजंगधारी नामक तारकासमूहात ७० क्रमांकाचा एक जोडतारा आहे. विल्यम हर्शल ह्यांनी १७७९ साली तो जोडतारा असल्याचे ओळखले. त्यातील दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक फेरी पुरी करतात. जेकब ह्यांनी जुनेनवे वेध एकत्र करून पाहिले, तो लहान तारा गणिताने आखलेल्या वाटेवर नीट बसेना. कधी पुढे, कधी मागे. १८५५ साली त्यांनी निबंध लिहून असे मत दिले की, ह्या जोडीच्या संगतीला एखादा ग्रह असणे फार संभवनीय आहे. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचा वेधांच्या आधारे केलेला हा पहिला दावा समजला जातो. दाव्याची भाषाही जपून वापरलेली होती. ‘सापडला’ असे त्यांनी म्हटले नाही.

आता हा फरक केवढा होता? वर्तुळाच्या एका अंशाचे ३,६०० भाग केले म्हणजे एक विकला होते. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे पाच किलोमीटरांवर धरले, तर ते साधारण एवढे दिसेल. ज्या चुकांवरून ग्रहाचे अनुमान काढावयाचे, त्या विकलेच्या अंशांतल्या होत्या. आणि त्या मोजावयाच्या डोळ्याने, चकाकणाऱ्या, थरथरणाऱ्या दोन ठिपक्यांमध्ये दुर्बिणीतला तंतू सरकवून. शिवाय १७७९ पासून १८५५ पर्यंत ७६ वर्षेच झालेली. म्हणजे पुरी एक फेरीही कोणी पाहिलेली नव्हती, आणि आरंभीचे वेध तर अगदी तुरळक. जेकब ह्यांचा तर्क शुद्ध होता, पण त्याला तोलून धरील इतके सामान त्या वेळी कोणापाशीच नव्हते. अमेरिकेत टी. जे. जे. सी ह्यांनी शतकाच्या शेवटी त्याच ताऱ्याला पुन्हा एक काळोखा सोबती बहाल केला. तेव्हा मोल्टन ह्यांनी १८९९ साली गणिताने दाखवून दिले की अशी तिकडी टिकूच शकणार नाही. सी ह्यांचा आवेश पाहता जेकब ह्यांचा संयम अधिकच उठून दिसतो.

प्रकृतीच्या कारणाने १८५९ साली जेकब ह्यांनी मद्रास सोडले. परंतु पुण्याच्या आसपास उंचावर, विरळ हवेत वेधशाळा काढण्याचा ध्यास काही सुटला नाही. १८६२ साली पार्लमेंटाने १,००० पौंड मंजूर केले. नऊ इंची दुर्बीण त्यांनी पदरच्या पैशाने घेतली. त्याच वर्षी ३१ जानेवारीस अमेरिकेत आल्व्हन ग्रॅहम क्लार्क नवे भिंग पारखीत असता त्यांना व्याधाचा सोबती प्रत्यक्ष दिसला, व बेसेल ह्यांचे म्हणणे खरे ठरले. जेकब ८ ऑगस्टला मुंबई बंदरात उतरले, पुण्यास पोहोचले, आणि १६ तारखेस तेथेच निवर्तले. वय अठ्ठेचाळीस. डोंगरावरची वेधशाळा मनातच राहिली.

दुसऱ्या ताऱ्याचे हेलकावे पाहून ग्रह ओळखण्याची कल्पना मात्र खरी ठरली. फक्त मोजण्याची रीत बदलली. तारा आपल्याकडे येऊ लागला की त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातील काळ्या रेषा जांभळ्या बाजूस, दूर जाऊ लागला की तांबड्या बाजूस किंचित सरकतात. १९९५ साली मायोर व केलो ह्या स्विस संशोधकांनी ह्याच रीतीने ५१ पेगासी ह्या ताऱ्याभोवती सव्वाचार दिवसांत फिरणारा ग्रह ओळखला आणि २०१९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो ग्रह त्यांनी पाहिला नव्हता. ताऱ्याच्या उजेडाचे हेलकावे तेवढे मोजले होते. पुण्याच्या आयुका संस्थेने २००६ साली जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभी केली.

भुजंगधारीतील ती जोडी जेकब ह्यांच्या निबंधानंतरची दुसरी फेरी आता पुरी करीत आली आहे. तिच्याभोवती ग्रह असल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही.