कर्डे, सुपे आणि परका सावकार

शिरूरहून दक्षिणेस चौफुल्याकडे जाणारा रस्ता न्हावऱ्यावरून जातो, भीमा ओलांडतो आणि चौफुल्यापलीकडे सुप्यास पोंचतो. शहाजीराजांच्या जहागिरीमुळें ‘पुणे-सुपे’ ही जोडी प्रत्येक शाळकरी मुलाच्या कानावरून गेलेली असते. परंतु १८७५ सालच्या ज्या दंग्यामुळें सुप्याचें नांव विलायतच्या पार्लमेंटापुढें गेलें तो दंगा, आणि त्याचें मूळ ज्या गांवीं सांपडतें तें न्हावऱ्याच्या शेजारचें कर्डे, हीं आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच ओळखीचीं असतील. बाहेरून येऊन वसलेल्या माणसाविषयीं गांवाच्या मनांत काय सांठत जातें आणि तें कोणत्या घडीला बाहेर पडतें, हें पाहावयाचें असेल तर या रस्त्याइतकी चांगली जागा आम्हांस दुसरी ठाऊक नाहीं.

१८७४ च्या डिसेंबरांत कर्ड्यास जें घडलें तें एका परीनें नित्याचेंच होतें. काळूराम नांवाच्या मारवाडी सावकारानें गांवच्या बाबासाहेब देशमुखांवर सुमारें दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळविला, जप्ती आणविली, आणि अखेर देशमुखांच्या घरावर हात घातला. शिरूर आणि भीमथडी तालुक्यांत तेव्हां असे हुकूमनामे वरचेवर निघत, आणि कुणब्याचें खोपट जातांना कोणी मान वर करून पाहत नसे. पण देशमुखाचें घर म्हणजे गांवाची अब्रू. गांव एक झाला. मारवाड्याचें शेत कोणी करावयाचें नाहीं, त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढावयाची नाहीं, न्हाव्यानें त्याची हजामत करूं नये, परिटानें धुणें घेऊं नये, पाणक्यानें पाणी भरूं नये, असें ठरलें. हें शस्त्र गांवानें नवें घडविलें नव्हतें. जातीबाहेर पडलेल्यास वठणीवर आणण्यासाठीं तें पिढ्यान् पिढ्या घासून ठेवलेलें होतें; आतां तें गांवाबाहेरून आलेल्यावर चाललें, इतकेंच. बहिष्काराची बातमी गांवोगांव गेली, आणि कांहीं ठिकाणीं तर रीतसर संमतिपत्रें लिहून त्यांवर सह्या झाल्या.

पांच महिन्यांनीं, १२ मे १८७५ रोजीं, सुप्याच्या आठवड्याच्या बाजारांत जमलेल्या लोकांनीं तेथील गुजर सावकारांचीं घरें व दुकानें फोडलीं, वह्या व खतें जाळलीं आणि धान्य लुटलें. मग दंग्याचें लोण भीमथडी, शिरूर, इंदापूर, पुरंदर या तालुक्यांतून अहमदनगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंद्यापर्यंत गेलें. पुणें व नगर या दोन जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसें पकडली गेलीं, व त्यांपैकीं निम्म्याहून अधिकांस शिक्षा झाली. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि त्याचा अहवाल १८७८ सालीं पार्लमेंटापुढें ठेवण्यांत आला.

या दंग्याची एक गोष्ट त्या कमिशनासही नवलाची वाटली. जमाव सावकाराच्या दारीं जाई तो त्याच्या जिवासाठीं नव्हे, फारसा तिजोरीसाठींही नव्हे. त्याला हवे असत कर्जरोखे आणि हुकूमनामे. ते मुकाट्यानें हवालीं केले कीं होळी होई आणि लोक बहुधा परत जात. नकार मिळाला तरच हाणामारी आणि जाळपोळ. त्यांतच एक आवई गांवोगांव फिरत होती. कोणा एका साहेबाचें घरदार म्हणे मारवाड्यांनीं लिलावांत काढलें. त्यानें राणीसरकारकडे दाद मागितली. आणि राणीनें हुकूम धाडला कीं मारवाड्यांनीं आपले रोखे परत करावे! आमच्या कुणब्यानें राणीच्या तोंडीं घातलेला हा कायदा हंसण्यासारखा आहे खरा, पण त्यांत त्याची पक्की समजूत उघड होते. त्याच्या लेखीं वैरी राज्य नव्हतें, कोर्ट नव्हतें. वैरी होता तो वाण्याच्या वहींतला कागद.

हा कागद एवढा बलवान् झाला कशानें? पेशवाईंत सावकार नव्हते असें नाहीं, आणि व्याजही कांहीं दयेचें नव्हतें. पण वसुलीसाठीं सावकारास ऋणकोच्या दारीं धरणें धरून बसावें लागे, पाटलाची मनधरणी करावी लागे. गांवाच्या मर्जीबाहेर त्याचें पाऊल पडत नसे. इंग्रजी अमलांत जमिनीची मोजणी झाली, प्रत्येक खातेदाराचें नांव लागलें, आणि त्या नांवाबरोबर जमीन गहाण पडण्याजोगी व विकली जाण्याजोगी झाली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें दाव्यास तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतु ऋणकोच्या सोयीचा, परिणाम उलटा! दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत लिहिलें जाऊं लागलें. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाला सोन्याचा भाव आला आणि आगगाडीच्या कामांवर रोख मजुरी मिळाली, तेव्हां पत वाढली व कर्जही वाढलें. मग भाव कोसळले. आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६७ पासून, तीस वर्षांची मुदत संपलेल्या तालुक्यांतून फेरआकारणी होऊन सारा कांहीं ठिकाणीं दीडपटीहून अधिक चढला. तो भरावयाचा रोखीनें, आणि रोकड होती एकट्या सावकाराजवळ. कमिशननें ज्या बारा गांवांची बारकाईनें पाहणी केली तेथें सुमारें एकतृतीयांश खातेदार कर्जांत बुडालेले आढळले. त्यांचें कर्ज सरासरीनें साऱ्याच्या अठरा पट होतें.

एवढ्यावरून कोणी म्हणेल कीं दंगा अगदीं सकारण होता, यांत परकेपणाचा प्रश्नच कोठें येतो? येतो तो असा. ज्या गांवांतून ब्राह्मण सावकार आणि मारवाडी सावकार शेजारीं शेजारीं धंदा करीत, तेथें मार बहुधा एकट्या मारवाड्यास बसला, असें खुद्द कमिशननें नमूद केलें आहे. कायदा दोघांस एक, कोर्ट एक, खताचा मसुदा एक. लोकांनीं जाळावयास निवडल्या त्या वह्या मात्र एकाच्याच. त्या निवडीचें कारण व्याजाच्या दरांत सांपडणार नाहीं.

सुप्याचे गुजर वाणी तसे जुने रहिवासी. मारवाडी बहुतांशीं इंग्रजी अमलानंतरचे. मारवाडांतून तरुण पोर यायचें, नातलगाच्या पेढीवर गुमास्ता म्हणून राहावयाचें, भाकरी व चार पैसे मिळवावयाचें, आणि कांहीं वर्षांनीं दुसऱ्या गांवीं आपलें दुकान मांडावयाचें. “हातांत लोटा घेऊन आला आणि वाडा बांधून बसला” हें वाक्य आपण सगळ्यांनींच केव्हां ना केव्हां ऐकलें आहे. त्यांत लोट्याची कींव नसते, वाड्याचा मत्सर असतो. हा मनुष्य गांवाच्या जत्रेची वर्गणी देई, पण गांवच्या पंगतीला बसत नसे. लग्नकार्य मारवाडांत, कुलदैवत मारवाडांत, वहीची लिपि वेगळी. ब्राह्मण सावकार कुलकर्ण्याचा मेहुणा असे, मुलाच्या बारशाला बोलावलेला असे. त्याला कुळाची जमीन गिळतांना चार लोकांत थोडी तरी भीड पडे. मारवाड्यास भीड घालील असें गांवांत कोणी नव्हतें, आणि हेंच त्याचें धंद्यांतलें बळ होतें. तेव्हां लोकांचा राग अगदींच आंधळा होता असेंही आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ज्या अलगपणामुळें मारवाडी निर्दय होऊं शके, त्याच अलगपणामुळें त्याला मारणें सोपें होतें. त्याच्या बाजूनें बोलावयास ना सोयरा होता ना भाऊबंद. कर्ड्यास न्हावी, परीट बंद झाले ते ब्राह्मण सावकारावर बंद करून दाखवावे, असें आव्हान देण्याचा मोह आम्हांस होतो.

मनुष्यस्वभावाची ही तऱ्हा मराठी मुलखापुरती नाहीं. जर्मनींत बर्लिन शहर पुन्हा एक झाल्यावर तेथील पडकीं जुनीं घरें दुरुस्त होऊं लागलीं, भाडीं चढलीं, आणि जुन्या भाडेकरूंनीं राग धरला तो दक्षिणेकडील श्वाबेन प्रांतांतून आलेल्या, काटकसरी म्हणून प्रसिद्ध असलेल्या लोकांवर. २०१२ च्या अखेरीस टिर्झे नांवाच्या एका मोठ्या पुढाऱ्यानें तक्रार केली ती काय, तर आमच्या भागांत पावाला श्वाबेन लोकांचा शब्द वापरूं लागले आहेत! धर्म एक, भाषा एक, राष्ट्र एक. तरी भाड्याचा हिशेब पावाच्या नांवावर येऊन चुकता झाला. घरें विकणारे आणि विकूं देणारे कायदे बोलीवरून ओळखतां येत नाहींत. पाव मागणारा ओळखतां येतो.

आपल्याकडे सुशिक्षितांनीं या बाबतींत काय केलें, हेंही सांगितलें पाहिजे. सारा जबर आहे असें सार्वजनिक सभा दंग्याच्या आधींपासून सांगत होती, हें तिला भूषणावह आहे. पण इंग्रज अंमलदारांच्या कागदांतून मारवाड्याच्या लोभाचीं जीं वर्णनें येतात तीं वाचतांना, साऱ्याची जबाबदारी दुसऱ्याच्या माथीं सरकविण्याची त्यांना केवढी सोय झाली होती, तें ध्यानांत येतें. आणि तीं वर्णनें आमच्या पुस्तकांतून, नाटकांतून, वगांतून कोणीही जकात न घेतां आंत आलीं. मुनसफ, वकील, शिरस्तेदार, एकतर्फी हुकूमनाम्याची नक्कल लिहिणारा कारकून, हे बहुधा आमच्यांतलेच होते. त्यांचें सोंग मात्र रंगभूमीवर मारवाड्याइतकें वारंवार निघालें नाहीं. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्या जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं सावकारांबरोबर भट कामगारांसही पिंजऱ्यांत उभें केलें. त्यांची भाषा आमच्या वडिलांना झोंबली; त्यांच्या हिशेबांत चूक निघाली असें मात्र आमच्या ऐकिवांत नाहीं.

१८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. खतापाठीमागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टास मिळाला, आणि कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालणें बंद झालें. त्याच सालच्या फेब्रुवारींत वासुदेव बळवंत फडक्यांचा पहिला दरोडा पडला तो शिरूर तालुक्यांतील धामारीवर, आणि तोही एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरावर. दंगा केवढा मोठा होता याविषयीं पुढें इतिहासकारांत वाद झाला. चार्ल्सवर्थ यांनीं १९७२ सालीं त्याचें महत्त्व फुगविलेलें आहे असें लिहिलें. असेल. पण कायद्यानें मारवाडी सावकार आंखडला तेव्हां पुष्कळ गांवांतून त्याची जागा घेतली ती पैसेवाल्या शेतकऱ्यानेंच, आणि त्याच्या वह्या कोणी जाळल्या नाहींत.

ज्यांच्या पणजोबांचे रोखे जळले ते मारवाडी गेले मात्र नाहींत. घोडनदीच्या पेठेंत त्यांचीं घरें आहेत, घरांतली बोली मराठीकडे केव्हांच झुकली, आणि नगर जिल्ह्यांतील चिचोंडीस १९०० सालीं एका ओसवाल घरांत जन्मलेले आनंदऋषि पुढें महाराष्ट्राचे थोर जैन आचार्य म्हणून पूजिले गेले. शिरूरच्या महाविद्यालयास चांदमल ताराचंद बोरा यांचें नांव आहे, आणि तेथें शिकणाऱ्या मुलांस तें नांव परकें वाटत नाहीं.

न्हावऱ्यास घोडगंगा साखर कारखाना निघाला तेव्हां ऊस तोडावयास बीडकडचीं कुटुंबें आलीं. रांजणगांवच्या कारखान्यांतून मराठवाडा, विदर्भ, बिहार आणि उत्तर प्रदेश येथील तरुण कामाला लागले. हे नवे आलेले सावकार नव्हेत. उलट खोलीचें भाडें देणारे ते आहेत, आणि घेणारे आमचे आहेत. तरीही २००८ च्या फेब्रुवारींत मुंबई-पुणें-नाशिकाकडे उत्तर हिंदुस्थानी मजुरांविरुद्ध आरडाओरड उठली तेव्हां हजारों माणसें बोचकीं बांधून स्टेशनावर आलीं. त्यांच्या बोचक्यांत जाळण्यासारखा एकही रोखा नव्हता.