चिलटाचा शेवटचा चढ

पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणारं चिलट, म्हणजेच फळमाशी, ‘एन्टोमोफ्थोरा मस्की’ या बुरशीच्या तावडीत सापडलं की त्याचं मरण घड्याळ लावून येतं. कॅरोलिन एल्या यांना कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथं घरामागच्या अंगणात अशा मेलेल्या माश्या मिळाल्या. 2018 साली त्यांचं संशोधन प्रसिद्ध झालं. हा घटनाक्रम मुख्यतः त्यांच्या कामावरून.

चार दिवस आधी : चिकट बीजाणू अंगावर पडतो आणि कवच भेदून आत शिरतो. माशीच्या गावीही नसतं. ती खाते, उडते, बागडते. आत बुरशी आधी चरबी फस्त करते. जगायला लागणाऱ्या अवयवांना तूर्त हात लावत नाही.

अडीच तास आधी : दिवस कलायला लागलेला. माशी एकाएकी तुरुतुरु धावू लागते. उडणं सुटतं, पण काडी दिसली की ती वर चढते. ही धावपळ घडते माशीच्याच यंत्रणेतून. दिवसाची वेळ राखणाऱ्या तिच्या मेंदूतल्या पेशी आणि त्यांच्या इशाऱ्यावर हार्मोन सोडणारी ग्रंथी बुरशी वेठीला धरते. अशा माशीचं रक्त निरोगी माशीला टोचलं, तर तीही जास्त पळू लागते! मला या सगळ्यात हाच प्रयोग सर्वांत भेदक वाटतो : हुकूम रक्तातून फिरतो आहे.

सूर्यास्ताच्या आसपास : पाय थांबतात. सोंड बाहेर येते, टोकाशी चिकट थेंब; माशी काडीला डकवली जाते. मग पंख हळूहळू उचलले जातात आणि पोट उघडं पडतं. माशी मेली.

रात्री : पोटाच्या वळ्यांमधून बुरशीचे पांढरे कोंब फुटतात. त्यांच्या टोकांवरून बीजाणू सेकंदाला सुमारे 10 मीटर वेगाने सुटतात. संध्याकाळचा मुहूर्त उगाच नाही : रात्रीची गार, दमट हवा नाजूक बीजाणूंना मानवते. आणि उंचावरून मारा लांब पोचतो.

दुसरा दिवस : हा भाग घरमाशीवरच्या प्रयोगांतला. बुरशी असा वास सोडते की नर मेलेल्या मादीशी संग करायला येतात आणि बीजाणू अंगावर घेऊन जातात. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांना 2022 साली आढळलं की मरून 25 ते 30 तास झालेली मादी नरांना ताज्या मेलेलीपेक्षा जास्त ओढते.